शेपटी उलटी सावरते

पहाटे साडेपाचला बोखाऱ्याच्या पुढच्या ले-आउटात
प्लॉटांचे दगड तेवढे जागे असतात.
एक्केचाळीस नंबरवर हेलिकॉप्टर ठेवून
मी दहा पावलं मागे सरतो.
मे महिना. सातला ऊन टोचेल,
नऊला बॅटरी पोळीसारखी फुगेल,
काय उडायचं ते तेवढ्यात.

पायांना काड्यांची फुली बांधलीय,
टोकांना टेबल टेनिसचे चार चेंडू,
म्हणजे पडलं तरी बसकण मारल्यासारखं पडावं.
वय माझं एकोणपन्नास.
ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या रविवारी पंखा फिरला
आणि यंत्र जागच्या जागी भोवऱ्यासारखं गरगरलं.
दुसऱ्या रविवारी तेच.
शेपटीचा पट्टा बदलला, साडेचारशेचा.
सर्व्होचा दांडा काढून पुन्हा बसवला.
शाफ्ट आरशाच्या काचेवर लोळवून पाहिला:
सरळ होता.
वाकलेला मीच, टेबलावर, रात्री दीडपर्यंत.
बायको म्हणाली, त्यापेक्षा कूलर बघा.

म्हणून निनावे आले, गोळीबार चौकातले,
चाळीस उन्हाळे कूलरच्या पोटात डोकं घातलेले.
कूलरला पाच मिनिटं.
मग टेबलाकडे बोट: "हे काय व्हय?"
मी समजावलं, हा जायरो,
शेपटी ढळली की याला कळतं,
हा उलटा जोर लावून तिला सावरतो.
त्यांनी शेपटी धरून हलवली.
छोटी पाती कुठं वळतात ते पाहिलं. पुन्हा हलवली.
"सावरते कुठी भाऊ? हा तं ढकलून राह्यला.
मोटरचं कनेक्शन उलटं जोडलं
का कूलर हवा बाहीर फेकते, तसं."

एक बटण. नखाएवढं. इकडचं तिकडे.

पुढच्या रविवारी ते न बोलावता आले, मोपेडवर,
खिशात लाल आणि निळी टेप.
पात्यांच्या टोकांना एकेक तुकडा,
मग लांब जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटून.
"लाल वर चालली."
मी पंखा थांबवला, दांडीला अर्धा आटा दिला.
"अजून."
पुन्हा अर्धा.
हवेत दोन चकत्या होत्या, त्यांची एक झाली
आणि काड्यांची थरथर थांबली.

भीतीनं मी त्याला वीतभर उंचीवर ठेवायचो,
आणि वीतभर उंचीवरच ते जास्त बावचळायचं,
स्वतःच्याच वाऱ्यावर घसरत.
"खाली काऊन ठेवता? वर घ्या ना."
कमरेपर्यंत नेलं,
आणि तिथं ते उभं राहिलं. नुसतं. अकरा सेकंद.
सतरा नंबरमधली टिटवी
अंड्यांवरून उठून आमच्या नावानं ओरडत होती.
त्या दिवसापासून आम्ही तिच्याकडे पाठ करून उडवतो.

प्लॉट एक्केचाळीस माझा.
म्हणजे माझा आणि दिवाकरचा.
विकू म्हणाला, मी नाही म्हणालो;
तीन वर्षं झाली, दगडाला चुना मारलेला नाही.

पाठमोरं असलं की ते माझ्यासारखंच वागतं:
डावा अंगठा, डावीकडे नाक. उजवा कलला, तेही उजवीकडे.
आज पहिल्यांदा तोंड माझ्याकडे वळवलं.
ते माझ्या डावीकडे झुकलं, मी उजवी दिली,
ते अजून डावीकडे. अजून उजवी.
त्याची उजवी माझी डावी होती,
आणि मी सगळं जोर लावून बरोबर करत होतो.

दगडावर आदळलं. चेंडू बेचाळिसात गेला.
निनाव्यांनी टोपीत तुकडे गोळा केले,
लाल टेपचं टोक सापडेना म्हणून वाकून फिरत राहिले.
"समोरून आलं का हात उलटा चालवा लागते."
माहीत आहे, मी म्हणालो.
माहीत होतंच. अंगठ्यांना नव्हतं.

सहा पन्नास. ऊन दगडांवर चढलं.
मी चेंडू शोधायला बेचाळिसात गेलो
आणि तिथून आमचा प्लॉट
जरा वेळ उलट्या बाजूनं पाहत उभा राहिलो.
मागे निनावे विचारत होते,
काच घरची आणू का, शाफ्ट लोळवायले.